सुधारणेचीही बदली होते तेव्हा

2025 च्या जानेवारी ते एप्रिल या काळात महाराष्ट्रातल्या सरकारी कार्यालयांत नेहमीपेक्षा वेगळी लगबग होती. मुख्यमंत्र्यांनी शंभर दिवसांचा कार्यक्रम दिला होता. संकेतस्थळ अद्ययावत करणे, लोकांचे जगणे सुकर करणे, स्वच्छता, तक्रारींचे निवारण, कार्यालयातल्या सोयी, गुंतवणुकीला चालना आणि क्षेत्रीय कार्यालयांना भेटी असे सात मुद्दे ठरले. मूल्यमापन भारतीय गुणवत्ता परिषदेकडे सोपवले गेले आणि महाराष्ट्र दिनी निकालही जाहीर झाला. या धडपडीची टिंगल करण्याचे कारण नाही. ज्या कचेरीत म्हाताऱ्या माणसाला टेकायला बाकडे नव्हते तिथे बाकडे येणे ही चांगलीच गोष्ट आहे. प्रश्न त्यापुढचा आहे. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी पूर्वी माणसाला किती हेलपाटे पडत होते आणि आज किती पडतात, हे त्या कचेरीत कोणी सांगू शकेल का? आणि ते कमी झाले असतील, तर नेमके काय केल्यामुळे कमी झाले, हे पुढच्या वर्षी बदलून येणाऱ्या साहेबांना कोणत्या कागदावर वाचायला मिळेल? या दोन प्रश्नांना उत्तर नसेल, तर त्या कार्यालयात सुधारणा झाली असे म्हणता येईल. पण ते कार्यालय सुधारायला शिकले, असे म्हणता येणार नाही.

या दोन गोष्टींत आपण सहसा फरक करत नाही, आणि सगळा घोटाळा तिथेच आहे. सुधारणा म्हणजे मोहीम, मोहीम म्हणजे परिपत्रक, तपासणी आणि बक्षीस, ही आपली पक्की समजूत. तपासणीच्या दिवशी जे दाखवता येते ते उत्साहाने केले जाते; जे दाखवता येत नाही ते राहून जाते. ही खोड सरकारची एकट्याची नाही. नॅकची समिती येणार म्हटल्यावर महाविद्यालयात रात्री जागून फाइली तयार होतात. आयएसओ प्रमाणपत्रासाठी कारखान्यात कार्यपद्धतीच्या जाडजूड पुस्तिका लिहिल्या जातात आणि प्रमाणपत्र भिंतीवर गेले की पुस्तिका कपाटात जातात. नव्याचे नऊ दिवस सरले की येरे माझ्या मागल्या. दर वेळी दोष माणसांच्या आळसाला किंवा मानसिकतेला दिला जातो. माझे म्हणणे वेगळे आहे. आपल्या कामातला दोष शोधणे, तो दूर करण्याचा लहानसा प्रयोग करणे, परिणाम मोजणे आणि जमले ते पुढच्या माणसाच्या हाती सोपवणे, हे कौशल्य आहे. ते कोणालाही आदेशाने येत नाही, शिकावे लागते. आणि ते एखाद्या हुशार अधिकाऱ्याने शिकून भागत नाही, संस्थेने शिकावे लागते.

याची सर्वांत बोलकी साक्ष आपल्याच राज्यात आहे. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला अनिलकुमार लखिना हे अहमदनगरचे, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचे, जिल्हाधिकारी होते. त्यांनी जिल्हाधिकारी कार्यालयाची बैठकव्यवस्था बदलली, अभिलेखांची वर्गवारी लावली, कागद कुठून कुठे जातो याचा मार्ग सरळ केला. ‘लखिना पॅटर्न’ हे नाव प्रशासनात आजही निघते. त्यानंतर तीसहून अधिक वर्षांनी, 2017 मध्ये, पुणे विभागाचे तेव्हाचे विभागीय आयुक्त चंद्रकांत दळवी यांनी ‘झिरो पेंडन्सी’ मोहीम हाती घेतली. जुन्या कागदांचे अ, ब, क, ड असे वर्गीकरण करा, टेबलावरच्या प्रकरणांचे सहा गठ्ठे लावा, रोजचे काम रोज निकाली काढा, असा तिचा गाभा होता. दोन्ही प्रयोग मोलाचे होते. पण मधल्या तीन दशकांचा अर्थ काय लावायचा? कागद नीट लावण्याचा धडा ज्या यंत्रणेने एकदा गिरवला होता, तिला तोच धडा पुन्हा पहिल्या पानापासून गिरवावा लागला. त्यातही कागद कायम ठेवायचा की तीस, दहा किंवा एका वर्षाने नष्ट करायचा, हे नियमांत आधीपासूनच होते. म्हणजे ज्ञान होते, नियम होता, यशस्वी उदाहरणही होते. नव्हती ती सवय.

सवय का लागत नाही, याचा एक धागा 2005 च्या अधिनियमात सापडतो. शासकीय कर्मचाऱ्यांच्या बदल्यांचे विनियमन आणि कामातल्या विलंबाला प्रतिबंध, असे दोन विषय त्या एकाच कायद्यात आहेत. एका जागी सर्वसाधारणपणे तीन वर्षे, असे त्याचे पहिले सूत्र; कोणतीही फाइल सर्वसाधारणपणे कामकाजाच्या सात दिवसांहून अधिक एका टेबलावर पडून राहू नये, हे दुसरे. बदली आणि दिरंगाई यांचा संबंध कायदा करणाऱ्यांना दिसला असावा. पण तो संबंध नेहमी एकाच बाजूने पाहिला गेला: अवेळी बदलीचा धाक दाखवून अधिकाऱ्याला वाकवता येते, म्हणून त्याला संरक्षण द्या. 2013 साली सर्वोच्च न्यायालयानेही टी. एस. आर. सुब्रमणियन प्रकरणात सनदी अधिकाऱ्यांना निश्चित कार्यकाळ देण्यास सांगितले, ते याच काळजीपोटी. ती काळजी रास्तच आहे. पण बदली वेळेवर झाली, नियमाप्रमाणे झाली, तरी तिच्यासोबत कार्यालयाचे शहाणपण निघून जाते, ही दुसरी बाजू कोणी फारशी पाहिली नाही. कार्यभार सोपवताना किल्ल्या, रोख शिल्लक, डेडस्टॉक रजिस्टर यांची नोंद होते. कोणती अडचण सोडवायला घेतली होती, काय करून पाहिले, काय फसले, याची नोंद करण्याचा रिवाज नाही. मग तीन वर्षे पूर्ण होवोत की दीड वर्षात उचलबांगडी होवो, नवा माणूस कोऱ्या पाटीवरच सुरुवात करतो.

चांगली पद्धत सापडली की ती सगळीकडे लागू करा, हा आपला लाडका उपाय. तो किती अपुरा आहे, हे दाखवणारा पुरावा शस्त्रक्रियागृहांतून मिळतो. जागतिक आरोग्य संघटनेने सुरक्षित शस्त्रक्रियेसाठी एकोणीस मुद्द्यांची एक यादी तयार केली. रुग्ण तोच आहे ना, शस्त्रक्रिया कोणत्या बाजूला करायची, प्रतिजैविक वेळेवर दिले का, कापसाचे बोळे मोजले का, असे त्यातले साधे प्रश्न. दिल्लीसह जगातल्या आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत ती वापरून पाहिली. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार मृत्यूचे प्रमाण 1.5 टक्क्यांवरून 0.8 टक्क्यांवर आले आणि गुंतागुंतीचे 11 टक्क्यांवरून 7 वर. पुढे कॅनडातल्या ऑन्टारियो प्रांतात ती सरसकट लागू झाली. यादी वापरत असल्याचे रुग्णालयांनी जवळजवळ शंभर टक्के कळवले. पण 101 रुग्णालयांचा अभ्यास 2014 साली बाहेर आला, तेव्हा मृत्यूचे प्रमाण 0.71 वरून 0.65 टक्क्यांवर, म्हणजे दखल घ्यावी इतकेही हलले नव्हते. या दोन अभ्यासांची सरळ तुलना करणे योग्य नाही, कारण ऑन्टारियोतले मृत्यू मुळातच कमी होते. म्हणून तिसरा अभ्यास महत्त्वाचा. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयांत अशाच यादीबरोबर प्रशिक्षणही दिले गेले: आधी दोन महिने तयारी, मग एकत्र बसून शिकणे, नंतर वर्षभर ठरावीक अंतराने फोनवर मार्गदर्शन. शस्त्रक्रियेआधी आणि नंतर सर्वांनी मिळून बोलायचे, परिचारिकेला शंका आली तर तिने सर्जनला थांबवायचे, हा त्याचा गाभा. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात प्रशिक्षण मिळालेल्या 74 रुग्णालयांत मृत्यूंचे प्रमाण 18 टक्क्यांनी घटले; ज्यांची पाळी अजून यायची होती अशा 34 रुग्णालयांत 7 टक्क्यांनी. त्या वर्षभराच्या शिकवणीने काहीतरी अधिक घडले, असे यातून म्हणता येते.

दुसरा पुरावा कारखान्यातला आहे आणि तो अधिक बोचरा आहे. कॅलिफोर्नियात फ्रीमॉन्ट इथला जनरल मोटर्सचा कारखाना गैरहजेरी, भांडणे आणि सदोष गाड्या यांसाठी बदनाम होता. 1982 साली कंपनीने तो बंद केला. दोन वर्षांनी टोयोटाबरोबरच्या भागीदारीत तोच कारखाना ‘नुमी’ या नावाने पुन्हा उघडला. कामगार बहुतेक जुनेच, युनियनही तीच. त्यांच्या तुकड्या जपानला शिकायला गेल्या. परतल्यावर गाडी जोडण्याच्या साखळीशेजारी एक दोरी आली. दोष दिसला की कामगाराने ती ओढायची. म्होरक्या धावत येतो, दोष तिथल्या तिथे सुटला नाही तर साखळी थांबते. पूर्वी साखळी थांबवणे हा तिथे सर्वांत मोठा गुन्हा मानला जाई. गैरहजेरी साधारण वीस टक्क्यांवरून दोन टक्क्यांच्या आसपास आली आणि गाड्यांचा दर्जा टोयोटाच्या जपानी कारखान्यांशी तुलना करण्याजोगा झाला. माणसे वाईट नव्हती, हे यातून सिद्ध झाले. पण गोष्ट इथे संपत नाही. जनरल मोटर्सने तीच पद्धत त्याच राज्यातल्या व्हॅन नाइझ कारखान्यात नेण्याचा प्रयत्न केला. दोरी टांगता आली. पण ती ओढणाऱ्या कामगाराकडे संशयाने पाहणारे पर्यवेक्षक तसेच राहिले, दोष कळवूनही सुटे भाग दुरुस्त करून न देणारी बाकीची कंपनीही जुनीच राहिली. तो कारखाना 1992 साली बंद पडला. डोळ्यांना दिसणारे सगळे उचलता येते. ज्या वागण्यामुळे त्याला अर्थ येतो ते उचलता येत नाही, रुजवावे लागते. शंभर दिवसांत नव्या पाट्या लागतात, तशीच ती दोरी होती.

फ्रीमॉन्टची दोरी आणि शस्त्रक्रियागृहातली शंका यांत एक गोष्ट सारखी आहे. दोष ज्याला पहिल्यांदा दिसतो त्या माणसाला तो बोलून दाखवण्याची मुभा होती आणि बोलल्यावर काहीतरी घडत होते. आपल्या कचेरीत दोष सर्वांत आधी कोणाला दिसतो? खिडकीवर बसलेल्या लिपिकाला. कोणता अर्ज हमखास परत जातो, कोणता रकाना लोकांना कळत नाही, कोणते कागद उगीचच तीनदा मागितले जातात, हे त्याला तोंडपाठ असते. पण ते विचारणारे कोणी नाही. वरून येणारी तपासणी त्याला एकच गोष्ट विचारते: प्रलंबित किती? मग तो व्यवहारी मार्ग धरतो. त्रुटीचा शेरा मारून अर्ज परत केला की नोंदवहीत तो निकाली निघतो. आकडा शून्य होतो आणि अर्जदार नवे झेरॉक्स घेऊन पुन्हा रांगेत उभा राहतो. प्रलंबितता हे कार्यालयाच्या सोयीचे माप आहे. हेलपाटा हे नागरिकाच्या त्रासाचे माप आहे. जी संस्था चुकीचे माप लावते ती प्रामाणिकपणे राबूनही चुकीचेच शिकते. म्हणून शिकण्याची सुरुवात योग्य मापापासून करावी लागते, आणि हे माप ज्याचे त्याने, आपल्या टेबलावर, स्वतः घ्यावे लागते.

असे माप घेणारी एक संस्था लखिनांच्याच जिल्ह्यात आहे आणि ती कचेरी नाही, गाव आहे. हिवरे बाजारच्या कुऱ्हाडबंदीची, चराईबंदीची आणि श्रमदानाची गोष्ट महाराष्ट्राला ठाऊक आहे. तिथले बंधारे आणि चर पाहायला माणसे दुरून येतात. पण ते गाव टिकले ते बंधाऱ्यांमुळेच, असे मला वाटत नाही. बंधारे शेकडो गावांत झाले आणि त्यांतले कित्येक गाळाने भरले. हिवरे बाजारचे वेगळेपण म्हणजे तिथला पाण्याचा ताळेबंद. पावसाळा सरला की गाव पाऊस किती झाला हे पाहते, विहिरींची पातळी मोजते, माणसांना आणि जनावरांना लागणारे पाणी आधी बाजूला काढते, आणि उरलेल्या पाण्यात कोणती पिके बसतील हे ग्रामसभेत ठरवते. पाऊस कमी झाला तर पिकांना कात्री लागते. शेतीसाठी कूपनलिका नाही, उसासारखे तहानलेले पीक नाही, हे निर्बंध त्या हिशेबावर उभे आहेत. हा कार्यक्रम एकदाचा उरकून टाकण्याचा नाही. तो दरवर्षी नव्याने होतो, कारण पाऊस दरवर्षी नवा असतो. यालाच मी सुधारणा शिकलेली संस्था म्हणतो. आता कोणी म्हणेल, तिथे 1989 पासून पोपटराव पवारांसारखे नेतृत्व आहे, त्यामुळे हे उदाहरणही शेवटी एका माणसाचेच. आक्षेपात तथ्य आहे. पण ते माझ्या मुद्द्याला बळच देते. पवारांना तीन दशके मिळाली, जिल्हाधिकाऱ्याला तीन वर्षे मिळतात. आणि त्या काळाचा उपयोग त्यांनी निर्णय स्वतःकडे ठेवण्यासाठी केला नाही. ताळेबंद ग्रामसभेत आणला. ज्या दिवशी गाव त्यांच्याविना तो हिशेब मांडेल, त्या दिवशी खरी परीक्षा होईल. ती परीक्षा निदान शक्य तरी आहे, कारण हिशेब मांडायचा कसा हे अनेकांना येते.

या सगळ्यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: माणसेच नाहीत. जागा रिकाम्या, एका तलाठ्याकडे दोन-तीन सजे, निवडणूक आली की सगळे तिकडे, वर रोज नव्या योजनेचे नवे लक्ष्य. अशा वेळी सुधारणा शिकायला वेळ कोणाकडे आहे? रिक्त पदांचा प्रश्न खरा आहे आणि तो या लेखातल्या कोणत्याही उपायाने सुटणार नाही; पदे भरावीच लागतील. पण परत गेलेला प्रत्येक अर्ज पुन्हा येतो, पुन्हा तपासावा लागतो, पुन्हा आवक नोंदवहीत चढतो. एकाच दाखल्यासाठी चार हेलपाटे म्हणजे नागरिकाचे चार दिवस, तसेच लिपिकाचेही एकाच कामाचे चार फेरे. माणसे कमी आहेत म्हणूनच फुकटचे फेरे परवडत नाहीत. पाणी मुबलक असते तर हिवरे बाजारनेही ताळेबंद मांडला नसता.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. दिरंगाई अज्ञानातून होत नाही, ती मुद्दाम केली जाते, कारण तिच्यात कमाई आहे. लाच घेणाऱ्याला सुधारणा शिकवणे म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. हे नाकारण्यात अर्थ नाही. जिथे अडवणूक हाच धंदा आहे तिथे लाचलुचपत प्रतिबंधक विभागच हवा, वर्ग भरवून भागणार नाही. लोकसेवा हक्काचा 2015 चा कायदाही त्यासाठीच आहे; मुदतीत सेवा दिली नाही तर अपील करता येते आणि दोषी अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पण एक गोष्ट लक्षात घ्यावी. लाचेला जागा लागते, आणि ती जागा म्हणजे अनावश्यक टप्पा. राज्य सरकारने 2015 साली अनेक सेवांसाठी प्रतिज्ञापत्राऐवजी स्वयंघोषणापत्र आणि राजपत्रित अधिकाऱ्याच्या सहीशिक्क्याऐवजी स्वतःच साक्षांकित केलेली प्रत पुरेशी ठरवली. असा एक टप्पा जिथे खरोखर गळतो, तिथे त्या टप्प्यावर बसलेली दलाली आपोआप बुडते. जिथे तो सवयीने चालू राहतो, तिथे दलालीही राहते. प्रामाणिक कर्मचारी बहुसंख्य असोत वा अल्पसंख्य, कोणता टप्पा फुकटचा आहे हे उघडपणे मोजले जाऊ लागले की आडोसा कमी होतो. शिक्षेची भीती आणि सुधारणेची सवय यांतले एक निवडायचे नाही. पहिलीने लाच घेणे महाग होते, दुसरीने लाच मागण्याची संधी कमी होते.

तिसरा आक्षेप हल्ली सर्वांच्या ओठांवर आहे: संगणक येऊ द्या, सगळे ऑनलाइन होऊ द्या, मग हा खटाटोपच उरणार नाही. सातबारा घरबसल्या मिळू लागला ही लहान गोष्ट नाही. पण संगणक कामाचा वेग वाढवतो, कामाचा शहाणपणा वाढवत नाही. सात सह्यांची वाट जशीच्या तशी पडद्यावर चढवली, तर सात सह्यांऐवजी सात लॉगिन होतात. अर्ज ऑनलाइन भरायचा, त्याची छापील प्रत काढायची, तिला त्याच कागदांच्या झेरॉक्स जोडायच्या आणि खिडकीवर नेऊन द्यायच्या, हा प्रकार ज्याने भोगला आहे त्याला अधिक सांगायला नको. आधी वाट सरळ करायची, मग तिच्यावर डांबर टाकायचे, हा क्रम उलटला की वाकडी वाट पक्की होऊन बसते. पुन्हा संगणकप्रणालीही बदलत राहते. तिच्यातली खोट कळवायची कोणाला आणि ती दुरुस्त झाली का हे पाहायचे कोणी, हे ठरलेले नसेल तर लिपिक सर्व्हर डाऊनची पाटी लावून मोकळा होतो. दोरी इथेही लागतेच.

चौथा आक्षेप प्रशासनातल्या जाणत्यांचा आहे. कारखान्यात प्रयोग फसला तर चार गाड्या बिघडतील. सरकारी कार्यालय कायद्याने बांधलेले असते, उद्या लेखापरीक्षणात आक्षेप निघाला तर प्रयोग करणाऱ्यालाच खुलासा द्यावा लागतो. ही भीती काल्पनिक नाही. प्रामाणिक अधिकारी सही टाळतात ते बरेचदा याच भीतीने. पण कायदा काय सांगतो आणि वहिवाट काय सांगते, हे वेगळे करून पाहिले पाहिजे. अमुक पुरावा हवा, हा कायदा. तो सोमवारीच द्यायचा, दोन प्रतींत द्यायचा, आधी या टेबलावरून त्या टेबलावर फिरवायचा, ही वहिवाट. रांगेचा क्रम, फलकावरची भाषा, नमुन्यातला रकाना, कोणत्या वेळी कोणी खिडकीवर बसायचे, यांतले काहीही बदलायला विधिमंडळाची परवानगी लागत नाही. अशा गोष्टींपुरता, महिनाभराचा, लेखी आणि मागे घेता येण्याजोगा प्रयोग करण्याची मुभा तहसीलदाराला किंवा गटविकास अधिकाऱ्याला स्पष्ट शब्दांत दिली, तर लेखापरीक्षकालाही कशाकडे काय म्हणून पाहायचे ते कळेल. आज मुभा नाही असे नाही. ती संदिग्ध आहे, आणि संदिग्ध मुभा फक्त धाडसी माणूस वापरतो. धाडसी माणसांवर संस्था चालत नाहीत.

मग करायचे काय? नवी मोहीम नको. प्रत्येक कार्यालयाने आपल्या तीन सर्वाधिक मागणीच्या सेवा निवडाव्यात आणि दर आठवड्याला काम पूर्ण झालेल्या दहा अर्जदारांना एकच प्रश्न विचारावा: यासाठी किती वेळा यावे लागले? त्यासाठी सल्लागार कंपनी लागत नाही. एक वही पुरते. महिन्यातून एकदा त्या वहीवर खिडकीवरच्या माणसांनी आणि साहेबांनी एकत्र बसून अर्धा तास बोलावे, आणि पहिले बोलण्याचा मान खिडकीवरच्या माणसाचा असावा. त्यातून एक, फक्त एकच, बदल निवडून महिनाभर करून पाहावा. जमला तर लिहून ठेवावा, फसला तर तोही लिहून ठेवावा, कारण फसलेला प्रयोग लपवला की पुढचा माणूस त्याच खड्ड्यात पडतो. पुण्याच्या यशदासारख्या शासकीय प्रशिक्षण संस्थेने प्रशिक्षणार्थींना चार दिवस व्याख्याने ऐकवून परत पाठवण्यापेक्षा अशा एकेका अडचणीवर वर्षभर, अधूनमधून फोन करून, सोबत करावी. माजी सैनिकांच्या रुग्णालयांत नेमके तेच कामी आले. आणि बक्षिसाची तारीख बदलावी. शंभराव्या दिवशी गौरव करण्याऐवजी, ज्या अधिकाऱ्याने सुधारणा केली त्याची बदली होऊन एक वर्ष उलटल्यावर त्या कार्यालयाचे मूल्यमापन व्हावे. तेव्हाही हेलपाटे कमीच असतील, तर गौरव त्या अधिकाऱ्याचाही व्हावा आणि मागे राहिलेल्या कर्मचाऱ्यांचाही. अशाने हुशार अधिकाऱ्याचे लक्ष स्वतःची छाप पाडण्यावरून मागे सवय ठेवून जाण्याकडे वळेल. बक्षीस कशाला मिळते, हे पाहूनच यंत्रणा काय शिकायचे ते ठरवत असते.

यात एक धोका उरतोच. वहीही उद्या तपासणीची वस्तू होईल, दहा अर्जदारांची नावे दुपारी बसून भरली जातील, आणि हेलपाटेही कागदावर शून्य होतील. कोणत्याही मापाचे हे होऊ शकते. म्हणून ती वही वर पाठवू नये. तिच्यावरून जिल्ह्यांची क्रमवारी लावू नये. ती त्या कार्यालयाच्या स्वतःच्या उपयोगाची असावी, जशी विहिरीची पातळी गावाच्या उपयोगाची असते. वरच्यांना खात्री करायची असेल तर त्यांनी न कळवता यावे आणि रांगेत उभ्या माणसाला विचारावे. एवढा विश्वास टाकायला सरकार तयार नसेल, तर मग मोहिमाच बऱ्या, निदान बाकडी तरी येतात.

कार्यभार सोपवण्याच्या कागदाकडे पुन्हा एकदा पाहू. त्यात टेबल किती, खुर्च्या किती, कपाटे किती, हे लिहिलेले असते. एक खुर्ची कमी भरली तर जुन्या साहेबांना जाब विचारता येतो. त्याच कागदाखाली चार ओळींची जागा आखावी. काय सुधारायला घेतले, काय करून पाहिले, हेलपाटे किती होते, आता किती आहेत. नव्या साहेबांना ते बदलायचे असेल तर खुशाल बदलावे, मात्र दोन महिन्यांत कारण लिहावे. निर्जीव वस्तूंच्या रजिस्टरात खुर्चीला जागा आहे. ज्या कामासाठी ती खुर्ची मांडली, ते काम कसे सुधारले याला निदान तेवढी तरी जागा मिळावी.